सगळं ‘ऑपरेशनल’ आहे, पण पॅकेट कुठंय?

कॉम्प्युटर नेटवर्क्सच्या पेपरात एमपीएलएस हा शॉर्ट नोटचा विषय. आपण एक ढग काढतो, त्यात चार गोल काढतो, गोलांना ‘एलईआर’, ‘एलएसआर’ अशी नावं देतो, बाण दाखवतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. मीही तेच केलं होतं आणि मार्कही मिळाले होते. पण फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये ते चार गोल खरोखर चालवून दाखवायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं, की त्या बाणाबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही. तो बाण म्हणजेच लेबल स्विच्ड पाथ, थोडक्यात एलएसपी. तो कसा कॉन्फिगर करायचा आणि झाला आहे की नाही हे कसं ओळखायचं, ते या लेखात सांगायचा प्रयत्न करतो. यातला दुसरा भाग आम्हाला फार उशिरा कळला, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिलं आहे.

(कमांडी इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजीत!)

लेबल म्हणजे फलाट क्रमांक

साधा आयपी राउटर काय करतो? पॅकेट आलं की त्याचा डेस्टिनेशन पत्ता वाचतो, आपल्या रूटिंग टेबलात त्याला सर्वांत जास्त जुळणारी ओळ शोधतो आणि पॅकेट पुढे ढकलतो. पुढचा राउटर पुन्हा पहिल्यापासून तेच करतो. १९९० च्या दशकाच्या मध्यात राउटरना हे शोधकाम जड जात होतं. तेव्हा इप्सिलॉन, सिस्को, आयबीएम, तोशिबा अशा कंपन्यांनी आपापल्या युक्त्या मांडल्या. सिस्कोच्या युक्तीचं नाव होतं टॅग स्विचिंग. १९९७ मध्ये आयईटीएफने या सगळ्यांचं एकच स्टँडर्ड करायला वर्किंग ग्रुप नेमला आणि जानेवारी २००१ मध्ये एमपीएलएसचा मूळ आराखडा आरएफसी ३०३१ म्हणून प्रसिद्ध झाला. पुढे हार्डवेअर इतकं वेगवान झालं की निव्वळ वेगासाठी लेबलांची गरज उरली नाही. पण तोवर लेबलांचे दुसरे उपयोग सापडले होते. एकाच नेटवर्कवर अनेक कंपन्यांचे व्हीपीएन वेगवेगळे ठेवता येतात आणि ट्रॅफिक आपल्याला हव्या त्या रस्त्याने नेता येतो. म्हणून एमपीएलएस टिकलं.

लेबलाची रचना सोपी आहे. एकूण ३२ बिट. त्यात २० बिट लेबलाचा आकडा, ३ बिट ट्रॅफिक क्लास (२००९ पूर्वीच्या पुस्तकांत याला ईएक्सपी म्हटलेलं सापडेल), १ बिट ‘हे शेवटचं लेबल आहे का’ हे सांगणारा आणि ८ बिट टीटीएल. इथरनेट हेडर आणि आयपी हेडर यांच्यामध्ये हे चार बाइट घुसतात. आकडा २० बिटांचा म्हणजे १०,४८,५७६ लेबलं. पैकी ० ते १५ राखीव.

आता महत्त्वाची गोष्ट. लेबलाचा आकडा पूर्ण रस्त्यावर एकच नसतो. ही चूक आमच्या वर्गात निम्म्यांनी परीक्षेत केली होती. समजा तुम्हाला एसटीने गाड्या बदलत पुण्याहून कोल्हापूरला जायचंय. स्वारगेटला तुम्हाला सांगितलं, "साताऱ्याला उतरून फलाट ४ वर जा." साताऱ्याला ४ नंबरवर गेलात, तिथे सांगितलं, "कराडला फलाट २." आता ४ हा आकडा फक्त सातारा स्टँडवर खरा. कराडच्या ४ नंबरला कदाचित चिपळूणची गाडी लागत असेल! शिवाय साताऱ्याचा फलाट कोणता हे ठरवणार सातारा स्टँडच, स्वारगेटने ते ऐकून घ्यायचं.

एमपीएलएसमध्ये हेच होतं. लेबल ठरवतो तो पुढचा राउटर, आणि तो ते मागच्या राउटरला कळवतो. पहिला राउटर लेबल चिकटवतो, त्याला पुश म्हणतात. मधले राउटर जुनं काढून नवं लावतात, ते स्वॅप. आणि कुठेतरी लेबल काढून टाकायचं, ते पॉप. गंमत म्हणजे पॉप सहसा शेवटच्या राउटरवर नाही, तर त्याच्या एक आधीच होतो. कराडहून कोल्हापूरला निघालेल्या माणसाला कोल्हापूरचा फलाट सांगून उपयोग काय? त्याला तिथे उतरायचंच आहे! म्हणून कोल्हापूर कराडला सांगतो, "माझ्यासाठी लेबल लावू नकोस, साधंच पाठव." हा निरोप लेबल ३ ने दिला जातो, त्याला इम्प्लिसिट नल म्हणतात. हे ३ लेबल पॅकेटवर कधीच दिसत नाही, ते फक्त निरोपापुरतं.

आणि शेवटची गोष्ट: एलएसपी एकाच दिशेने असतो. पुणे ते कोल्हापूर हा एक, कोल्हापूर ते पुणे हा दुसरा. फलाट वेगळे, लेबलं वेगळी. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी हाताने करून बघा

यासाठी लाखो रुपयांचा राउटर लागत नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये २०१५ च्या ४.१ आवृत्तीपासून एमपीएलएसचं फॉरवर्डिंग आहे. आम्ही होस्टेलच्या रूमवर एकाच लॅपटॉपवर डेबियनच्या चार छोट्या व्हर्च्युअल मशीन केल्या आणि त्यांना पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर अशी नावं दिली. चौघी एका ओळीत जोडल्या. लूपबॅकचे पत्ते अनुक्रमे १०.०.०.१ ते १०.०.०.४. पुणे-सातारा लिंक १०.१.१२.०/२४, सातारा-कराड १०.१.२३.०/२४ आणि कराड-कोल्हापूर १०.१.३४.०/२४. लिंकवरच्या पत्त्याचा शेवटचा आकडा त्या राउटरच्या नंबराचा, म्हणजे डोकं खाजवावं लागत नाही.

प्रत्येक मशीनवर आधी चार कामं करायची.

१. कर्नलची दोन मॉड्यूल चढवायची: मॉडप्रोब एमपीएलएस-राउटर आणि मॉडप्रोब एमपीएलएस-आयपीटनेल.

२. नेट डॉट एमपीएलएस डॉट प्लॅटफॉर्म-लेबल्स या सेटिंगला मोठा आकडा द्यायचा, उदा. १,००,०००. ही मूळची शून्य असते आणि शून्य असेपर्यंत कर्नल एकही लेबल टेबलात घेत नाही.

३. लेबल लावलेली पॅकेटं ज्या ज्या इंटरफेसवर येणार, त्या प्रत्येकाची ‘इनपुट’ सेटिंग १ करायची. हीदेखील मूळची शून्य असते.

४. आयपी फॉरवर्डिंग चालू करायचं.

आता हाताने एलएसपी. पुण्यावर लिहायचं: १०.०.०.४ कडे जायचं असेल तर लेबल २०१ लावून १०.१.१२.२ कडे दे (आयपी रूट ॲड ... एन्कॅप एमपीएलएस २०१ व्हाया आयनेट ...). साताऱ्यावर: २०१ आलं तर ३०१ करून १०.१.२३.३ कडे दे (आयपी -एफ एमपीएलएस रूट ॲड २०१ ॲज ३०१ ...). कराडवर: ३०१ आलं तर १०.१.३४.४ कडे दे. इथे ‘ॲज’ लिहायचंच नाही. तो शब्द नसला की लेबल पॉप होतं. कोल्हापूरवर काहीच लिहायचं नाही.

झाला एलएसपी! पुण्याहून, सोर्स म्हणून आपला लूपबॅक देऊन, १०.०.०.४ ला पिंग मारा. उत्तर येणार नाही. पण कोल्हापूरवर टीसीपीडंप लावलात तर पिंग पोचलेला दिसतो. उत्तर येत नाही कारण परतीचा रस्ता आपण बांधलेलाच नाही. कोल्हापूरवर ३०२ चा पुश, कराडवर ३०२ चं २०२, साताऱ्यावर २०२ चा पॉप अशा तीन ओळी लिहिल्या की पिंग धावायला लागतो.

या वेळी साताऱ्याचं आयपी रूटिंग टेबल उघडून बघा. त्यात १०.०.०.४ हा पत्ता कुठेच नाही. साताऱ्याला कोल्हापूर माहीत नाही, तरी कोल्हापूरचं पॅकेट त्याच्यातून जातंय. चार लेक्चरमध्ये जे डोक्यात शिरलं नव्हतं ते मला या एका टेबलने समजलं.

मग एलडीपी

चार राउटरना हाताने लेबलं देणं ठीक, पण चारशेंना कोण देणार? म्हणून राउटरच एकमेकांना लेबलं कळवतात. त्यासाठीचा साधा प्रोटोकॉल म्हणजे एलडीपी. त्याचं सध्याचं स्टँडर्ड २००७ चं, आरएफसी ५०३६. आम्ही एफआरआर हे फुकट सॉफ्टवेअर वापरलं. ते २०१७ मध्ये क्वाग्गा या जुन्या प्रोजेक्टमधून वेगळं निघालं. त्याच्या डीमन्स नावाच्या फाइलमध्ये ओएसपीएफडी आणि एलडीपीडी यांच्यापुढे ‘येस’ लिहायचं आणि सर्व्हिस रीस्टार्ट करायची. हाताने लिहिलेल्या ओळी आधी काढून टाका.

पहिल्यांदा ओएसपीएफ. सगळ्या लिंक आणि सगळे लूपबॅक एरिया ० मध्ये घ्या. हे पक्कं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण एलडीपी स्वतः रस्ता शोधत नाही. ओएसपीएफने शोधलेल्या रस्त्यालाच तो लेबलं देतो. मग ‘एमपीएलएस एलडीपी’ मध्ये शिरून राउटर-आयडी म्हणून लूपबॅक द्यायचा, ॲड्रेस-फॅमिली आयपीव्ही४ मध्ये ट्रान्सपोर्ट-ॲड्रेस म्हणूनही तोच द्यायचा आणि ज्या इंटरफेसवर शेजारी राउटर आहे ते इंटरफेस लिहायचे.

शेजारी एकमेकांना यूडीपीच्या ६४६ पोर्टवर हॅलो पाठवतात, ओळख पटली की टीसीपीच्या ६४६ वर सेशन जोडतात आणि लेबलं सांगतात. ‘शो एमपीएलएस एलडीपी नेबर’ दिलं की ‘ऑपरेशनल’ असा शब्द दिसतो. ‘शो एमपीएलएस टेबल’ मध्ये आत येणारं लेबल, बाहेर जाणारं लेबल आणि पुढचा पत्ता अशी सुंदर ओळीत मांडलेली यादी येते. ती बघून जो आनंद होतो तो मेसमध्ये रविवारी फीस्टची थाळी बघून होतो तसाच.

रिव्ह्यूच्या आदल्या रात्री

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोजेक्टचा रिव्ह्यू होता. आदल्या रात्री लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे चारही मशीन धाडकन बंद. लाइट आल्यावर सगळं पुन्हा चालू केलं. वर सांगितलेल्या सिसकंट्रोलच्या सेटिंग रीस्टार्टनंतर पुसल्या जातात, म्हणून मी घाईघाईत प्रत्येक मशीनसाठी एक स्क्रिप्ट लिहिली आणि चालवली. ओएसपीएफ आलं. एलडीपीचे सगळे शेजारी ‘ऑपरेशनल’. लेबल टेबल भरलेलं. मी पुण्याहून कोल्हापूरला पिंग मारला. उत्तर नाही.

रात्रीचा दीड वाजला होता. रूम पार्टनर म्हणाला, "अरे, परत बघ." परत बघितलं. सगळं बरोबर. परत पिंग. उत्तर नाही. तेव्हा मी जे म्हणालो ते इथे प्रामाणिकपणे लिहितो. म्हणालो, "सोड ना. शो कमांडींचे स्क्रीनशॉट तर बरोबर आहेत. ब्लॅक बुकमध्ये तेच लावू. पिंगचा कालचा फोटो आहेच." तसं बघायला गेलं तर त्यात एकही स्क्रीनशॉट खोटा नव्हता. ‘ऑपरेशनल’ हा शब्द राउटरनेच लिहिला होता.

पार्टनर काही बोलला नाही. त्याने वहीचं शेवटचं पान उघडलं आणि चारही गावांच्या जोड्या लिहून एकेक पिंग मारायला सुरुवात केली, प्रत्येक वेळी लूपबॅकवरून लूपबॅकवर. पुणे-सातारा: चालतंय. सातारा-कराड: चालतंय. कराड-कोल्हापूर: चालतंय. पुणे-कराड: तेही चालतंय! पण सातारा-कोल्हापूर बंद आणि पुणे-कोल्हापूर बंद. म्हणजे कराडपर्यंत सगळे पोचतात, कराडहून सगळे निघतात, पण कराड ओलांडून कोणी जात नाही.

मग कराडच्या दोन्ही इंटरफेसवर टीसीपीडंप लावला. ईटीएच१ साताऱ्याकडचा, ईटीएच२ कोल्हापूरकडचा. पुण्याहून पिंग मारला की ईटीएच१ वर पॅकेट येताना स्पष्ट दिसत होतं, अगदी लेबलासकट. ईटीएच२ वर मात्र काहीच निघत नव्हतं. आत जातंय आणि नाहीसं होतंय. ना एरर, ना लॉगमध्ये ओळ.

त्याने उलट दिशेने, कोल्हापूरहून पुण्याला पिंग मारला. उत्तर नाहीच. पण या वेळी पिंग पुण्यापर्यंत व्यवस्थित पोचत होता. पुण्याने दिलेलं उत्तर परतताना कराडला नाहीसं होत होतं. म्हणजे उत्तरेकडे जाणारा एलएसपी धडधाकट आणि दक्षिणेकडचा मेलेला. नुसत्या पिंगवरून दोन्ही मेलेले वाटत होते.

इथे माझी ट्यूब पेटली. कराडची स्क्रिप्ट उघडली. ‘इनपुट’ १ करायची ओळ दोनदा होती, पण दोन्हीकडे ईटीएच२! कॉपी-पेस्ट करून एक आकडा बदलायचा विसरलो होतो. ईटीएच१ चा इनपुट शून्यच. त्याचा एक केला, आणि पिंग धावायला लागला.

असं का झालं?

चूक माझीच होती, ती सोडा. पण एवढं सगळं बिघडलेलं असताना चारही राउटर ‘ऑपरेशनल’ कसे म्हणत होते? खरी शिकण्याची गोष्ट हीच आहे.

ओएसपीएफचे निरोप शेजाऱ्या-शेजाऱ्यांत साध्या आयपी पॅकेटने जातात. एलडीपीचं सेशनही शेजाऱ्याच्या लूपबॅकशी असतं, आणि शेजाऱ्याने स्वतःसाठी ‘लेबल लावू नकोस’ असंच सांगितलेलं असतं. म्हणजे तेही साधंच पॅकेट. लेबल असलेली पॅकेटं आत घ्यायचं दार बंद असलं तरी या निरोपांना काही फरक पडत नाही, कारण त्यांना त्या दाराने जावंच लागत नाही. थोडक्यात, रस्ता बांधणारे निरोप त्या रस्त्यावरून कधी जात नाहीत. साताऱ्याने विचारलं, कराडने फलाट क्रमांक सांगितला, साताऱ्याने वहीत लिहून घेतला. दोघंही खरं बोलले. फक्त त्या फलाटाला कुलूप होतं.

पुस्तकात कंट्रोल प्लेन आणि डेटा प्लेन असे दोन शब्द असतात. आपण ते पाठ करतो. ‘शो नेबर’ दाखवतं ते कंट्रोल प्लेन. पॅकेट जातं ते डेटा प्लेनमधून. एक ठीक असणं हा दुसऱ्याचा पुरावा नाही.

हा प्रश्न फक्त आमच्या होस्टेलच्या रूमचा नाही बरं का! मोठ्या नेटवर्कमध्येही असं होतं म्हणून तर २००६ मध्ये आरएफसी ४३७९ ने एलएसपी पिंग आणला. आता त्याची जागा २०१७ च्या आरएफसी ८०२९ ने घेतली आहे. तो यूडीपीच्या ३५०३ पोर्टवर चालतो आणि त्यात एक हुशारी आहे. पॅकेटचा डेस्टिनेशन पत्ता मुद्दाम १२७ ने सुरू होणारा, म्हणजे लोकल होस्टचा देतात. का? समजा मधेच लेबल गळून पडलं. साधा पत्ता असता तर तो राउटर आयपी बघून पॅकेट मुक्कामी पोचवून मोकळा झाला असता, आणि आपण समजलो असतो की एलएसपी ठीक आहे. १२७ चा पत्ता बघून कोणताही राउटर पॅकेट पुढे पाठवत नाही, ते तिथेच थांबतं. म्हणजे पोचलं तर लेबलांनीच पोचलं. तपासणी अशी करायची, की चुकीच्या रस्त्याने पास होताच येऊ नये.

मोठ्या राउटरवर

एलडीपी ओएसपीएफच्या मागे मागे जातो. तुम्हाला स्वतःच्या पसंतीचा रस्ता हवा असेल, काही बँडविड्थ राखून हवी असेल, तर आरएसव्हीपी-टीई लागतं (आरएफसी ३२०९, डिसेंबर २००१). यात एलएसपी फक्त पहिल्या राउटरवर लिहायचा. तो ‘पाथ’ निरोप मुक्कामापर्यंत पाठवतो, तिथून ‘रेझ्व्ह’ निरोप उलट येतो आणि येताना प्रत्येक राउटर आपलं लेबल मागच्याला सांगतो.

सिस्कोच्या आयओएसवर साधारण क्रम असा: आधी पूर्ण राउटरवर आणि मग प्रत्येक इंटरफेसवर ‘एमपीएलएस ट्रॅफिक-इंज टनेल्स’, इंटरफेसवर ‘आयपी आरएसव्हीपी बँडविड्थ’, ओएसपीएफमध्ये ट्रॅफिक-इंजचा एरिया आणि राउटर-आयडी. मग ‘इंटरफेस टनेल’ करून त्याचा मोड, मुक्कामाचा पत्ता आणि पाथ-ऑप्शन द्यायचा. पाथ-ऑप्शन डायनॅमिक असेल तर राउटर रस्ता शोधतो, एक्स्प्लिसिट असेल तर तुम्ही सांगता. ज्युनिपरच्या जुनॉसवर इंटरफेसला ‘फॅमिली एमपीएलएस’, प्रोटोकॉल्समध्ये एमपीएलएस आणि आरएसव्हीपी या दोन्हींखाली ते इंटरफेस, ओएसपीएफमध्ये ‘ट्रॅफिक-इंजिनिअरिंग’, आणि शेवटी ‘लेबल-स्विच्ड-पाथ’, त्याचं नाव आणि ‘टू’ पत्ता.

इथेही ‘अप’ या शब्दाने फसू नका. तीन जागा सांगतो.

पहिली: सिस्कोवर टनेल ‘अप’ झाला तरी त्यात ट्रॅफिक आपोआप जात नाही. ‘ऑटोराउट अनाउन्स’ द्या किंवा स्टॅटिक रूट लिहा, तेव्हा जातो. जुनॉसवर एलएसपी आयनेट.३ नावाच्या वेगळ्या टेबलात बसतो आणि मूळ सेटिंगमध्ये ते टेबल फक्त बीजीपी आपला नेक्स्ट-हॉप शोधायला बघतो. साधा ट्रॅफिक जुन्याच रस्त्याने जात राहतो.

दुसरी: ‘१०० एमबीपीएस राखून ठेव’ असं सांगितलं की राउटर आपल्या वहीत तेवढी नोंद करतो आणि उरलेल्या जागेचा हिशोब ठेवतो. पण केवळ त्या नोंदीने कोणी १०० च्या वर पाठवू शकत नाही असं होत नाही. ते अडवायचं असेल तर पोलिसिंग वेगळं लावावं लागतं.

तिसरी: एमटीयू. प्रत्येक लेबल चार बाइट वाढवतं, व्हीपीएनमध्ये सहसा दोन लेबलं म्हणजे आठ. लिंकवर नेमके १५०० बाइटच मावत असतील तर छोटा पिंग जातो आणि मोठी फाइल अडकते. म्हणून पिंग नेहमी मोठ्या साइझचाही मारून बघा, ‘तुकडे करू नकोस’ असं सांगून.

करून बघणाऱ्यांसाठी क्रम

१. लेबलांना हात लावण्याआधी सगळे लूपबॅक एकमेकांना साध्या आयपीने दिसतात का बघा. लूपबॅकला /३२ च द्या. सिस्कोवर /२४ दिलात तर ओएसपीएफ त्याची जाहिरात /३२ म्हणूनच करतो, एलडीपी मात्र लेबल /२४ ला देतो. दोघांचा मेळ बसत नाही आणि शेवटच्या टप्प्याआधी लेबल गळतं.

२. एलडीपी चालू करा, शेजारी आणि लेबल टेबल बघा. वहीत लिहा: कुठे कोणतं लेबल आत, कोणतं बाहेर. चारही राउटरची पानं शेजारी ठेवून साखळी जुळते का बघा.

३. पिंग शेजाऱ्याला मारून समाधान मानू नका. शेजाऱ्याकडे जाताना लेबल लागतच नाही! किमान एक राउटर ओलांडून मारा.

४. दोन्ही दिशा वेगवेगळ्या तपासा. पिंग बंद असेल तर टीसीपीडंप लावून जाणं बंद आहे की येणं, ते आधी ठरवा.

५. मधल्या राउटरवर ‘काय येतंय’ आणि ‘काय जातंय’ दोन्ही बघा. दोष सहसा या दोन दृश्यांच्या मधे असतो.

आता रिव्ह्यूचं काय झालं ते सांगून थांबतो. त्या दिवशी चौदा ग्रुप होते. आमच्या वाट्याला जेमतेम पाच मिनिटं आली. सरांनी स्क्रीनशॉट चाळले, ‘ऑपरेशनल’ वर बोट ठेवून "गुड" म्हणाले आणि पुढचा ग्रुप बोलावला. डेमो बघायला वेळच नव्हता. म्हणजे रात्री मी म्हणत होतो तसं केलं असतं, तरी काही बिघडलं नसतं!

बाहेर आल्यावर मी पार्टनरला तसं म्हणालोही. तो लॅपटॉप बॅगेत भरत होता. म्हणाला, "पिंग चालू ठेवलाय अजून. बंद करू का?" मी म्हटलं, "राहू दे."

ती स्क्रिप्ट, आता दुरुस्त केलेली, लॅबच्या फोल्डरमध्ये ठेवली आहे. ज्युनिअर मंडळींनी जरूर वापरावी. पण चालवण्याआधी इंटरफेसची नावं एकदा स्वतः वाचून घ्या.